खुणा जुळत नाहीत

(दृश्य: मिरज. पहाटेची कॅज्युअल्टी.)

तासगावकडचे द्राक्षबागाईतदार, साठीला टेकलेले. "छातीत नुसतं धडधडतंय," एवढंच सांगतात.

सिस्टर बटणं सोडवतात. "मामा, हात सैल सोडा. दोन मिनिटं बोलू नका." जेल, सहा चेस्ट लीड, चार क्लिपा. ईसीजीचा चौकटींचा गुलाबी कागद कुरकुरत बाहेर येतो.

कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. बारीक चौकट 0.04 सेकंदाची, मोठी 0.2ची. ठोके नियमित असले की दोन उंच टोकांमधल्या मोठ्या चौकटी मोजायच्या, 300 ला त्यांनी भागायचं. चार चौकटी, 75 ठोके. दोनच, तर 150.

(दृश्य: डॉक्टरांचे हात, जवळून.)

इथे ते गणित चालत नाही. डॉक्टर केसपेपरचा कोपरा फाडून ईसीजीच्या पट्टीखाली धरतात, तीन टोकांशी पेनाने खुणा करतात, कागद पुढे सरकवतात. खुणा जुळत नाहीत. अजून पुढे. तिथेही नाहीत. टोकाआधीची छोटी पी लहरही गायब, नुसती थरथरती रेघ. एट्रियल फिब्रिलेशन: हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. कॅज्युअल्टीच्या भाषेत, एएफ.

मग 30 मोठ्या चौकटींतले, म्हणजे सहा सेकंदांतले, ठोके मोजून दहाने गुणायचे. 14. म्हणजे 140.

बीपी चांगलं आहे, त्यामुळे लय जागेवर आणणाऱ्या विजेच्या शॉकची घाई नाही. प्रश्न एकच: "कधीपासून?"

"परवा लग्नाला गेलतो, तवापासनं."

पेन थांबतं. 48 तासांच्या आसपास गेलं, की थरथरत्या कप्प्यात गुठळी धरलेली असू शकते. लय घाईनं जागेवर आणली तर ती सुटून मेंदूकडे जाण्याची भीती. आधी वेग आवरायचा, रक्त पातळ ठेवायचं.

खरी धडकी भरते ती रुंद ठोक्यांची. टोक तीन बारीक चौकटींहून रुंद आणि वेग जास्त, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हीटीच धरायची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी जीवघेणी वेगवान लय. वाद नंतर घालावा.

(दृश्य: शेजारची खाट. मॉनिटर ओरडतोय.)

पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. व्हीएफ? म्हणजे खालचे कप्पेच थरथरताहेत, नाडी बंद? ब्रदर मशीनकडे बघतही नाहीत, थेट आजोबांच्या मानेवर बोटं ठेवतात.

आजोबा डोळे उघडतात. "च्या मिळंल का?"

छातीवरची एक लीड निघून चादरीला चिकटली आहे.