पेढे अडतात, नारळ जातो

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘परदेशी जोडशाळेला शिक्षकांची भेट : नातं टिकावं कसं’. जोडशाळा म्हणजे आपल्या शाळेशी नातं जोडलेली परदेशातली शाळा. टिकण्याबद्दल बोलणारच आहे, पण शेवटी. कारण बहुतेक जोड्या टिकण्याच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत, त्या सत्कारातच संपतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी दोन्ही शाळांनी मिळून एक छोटं काम करावं आणि भेट मागाहून ठेवावी. स्थळ बघायला जाताना कोणी वरात घेऊन जात नाही. आपण शाळांच्या बाबतीत नेमकं तेच करतो. युरोपात २००५ साली ई-ट्विनिंग सुरू झालं, तेव्हा त्यांनी उलटी वाट धरली. आधी वर्ग संगणकावरून जोडायचे, मग जमलं तर जायचं. आपल्याकडे भारत-ब्रिटन जोडशाळांची चलती होती ती अनुदानाच्या जोरावर. अनुदानात विमानाचं तिकीट असायचं, म्हणून भेट आधी व्हायची. अनुदान आटलं की नातंही आटायचं.

आता सत्काराबद्दल. इंग्लंडहून दोन शिक्षिका पाच दिवसांसाठी आल्या असं धरा. आपल्या शाळेत पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका, म्हणजे पाच दिवसांच्या चाळीस. पहिल्या दिवशी फाटकापासून लेझीम, औक्षण, फेटे, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, संस्थेचा परिचय, संस्थाध्यक्षांचा परिचय (ते गावात सगळ्यांना माहीत असतात, पण तरी), मनोगतं, आभार. सहा तासिका गेल्या. चारशे मुलं उन्हात बसलेली. दुसऱ्या दिवशी माजी विद्यार्थी संघाचा वेगळा सत्कार, तिसऱ्या दिवशी सहल, चौथ्या दिवशी गटशिक्षणाधिकारी येणार म्हणून पुन्हा लेझीम. पाचव्या दिवशी निरोप समारंभ. चाळीसपैकी वर्गात बसून पाहिलेल्या तासिका तीन, आणि त्या तिन्हींत मुलांना उत्तरं आधीच पाठ! हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या शाळेत शाली आणल्या जातात त्या डझनावर.

लेझीमला माझा विरोध नाही. सत्कार एकच, पंधरा मिनिटांचा, तोही परिपाठात. लेझीम बघायचीच असेल तर शारीरिक शिक्षणाच्या तासाला बघा. तिथे चुकणारी मुलंही दिसतात, आणि शिक्षक ती चूक कशी दुरुस्त करतो हेही दिसतं. पाहुण्या शिक्षिकेला हवं असतं ते हे.

आपण जातो तेव्हाची तऱ्हा वेगळी. बॅगेत कंदी पेढे, बर्फी, नाहीतर साजूक तुपाची बरणी. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही नेता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. पेढे विमानतळावरच राहतात. गंमत अशी की श्रीफळ चालतं! फळांना सहसा वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, नारळाला तो लागत नाही. पण खोबऱ्याच्या वाट्या नको, सुकं खोबरं तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून विमानात बंदी आहे. तेव्हा भेटीचं काही न्यायचंच असेल तर मुलांनी काढलेली वारली चित्रं न्या किंवा आपलं बालभारतीचं गणिताचं पुस्तक न्या. त्या पुस्तकावर तिथल्या शिक्षकखोलीत तासभर चर्चा होऊ शकते. पेढ्यावर काय चर्चा होणार?

बरं, कधी जायचं? सोयीचा महिना म्हणून सगळे मे सांगतात. आपल्याला सुट्टी असते आणि त्यांच्या शाळा जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालू असतात, हे खरं. पण मेमध्ये त्यांच्या अकराव्या वर्षाच्या (इयत्तेला ते वर्ष म्हणतात) परीक्षा असतात, पहिल्या सोमवारी सुट्टी असते आणि शेवटच्या आठवड्यात त्यांची अर्धसत्राची सुट्टी असते. म्हणून मेचे मधले दोन आठवडे धरा, आणि बघायला मागायचे ते सातवं, आठवं, नववं वर्ष. ते इकडे यायचे झाले तर ऑक्टोबरच्या अर्धसत्र सुट्टीत येऊ म्हणतात, आणि तेव्हा आपल्याकडे अनेकदा दिवाळी असते. शाळेला कुलूप. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा, शाळा केंद्र असेल तर इमारत अर्धी बंद. जानेवारी बरा, फक्त स्नेहसंमेलनाचा आठवडा टाळा.

इयत्तांचा घोळ हमखास होतो. त्यांचं ‘यिअर एट’ म्हणजे आपली आठवी नव्हे. तिथली मुलं बारा ते तेरा वर्षांची असतात, म्हणजे आपली सातवी. आठवीच्या वर्गाला आठवं वर्ष जोडलं की वर्षभर एक बाजू कंटाळते आणि दुसरी धापा टाकते. घड्याळाचाही हिशेब आहे. त्यांच्या उन्हाळी वेळेत आपण साडेचार तास पुढे असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. त्यांची सकाळची ९ म्हणजे आपली दुपारची दीड किंवा अडीच. सकाळची शाळा बाराला सुटते, तिला थेट संवाद जमायचाच नाही. तेव्हा जोडणीसाठी वर्ग निवडायचा तो दुपारच्या शाळेतला.

तिथे पोचल्यावर तीन गोष्टी सांभाळा. कार्यालयात नाव लिहून गळ्यात पाहुण्याचा बिल्ला अडकवल्याशिवाय आत पाऊल नाही. मुलांबरोबर एकटं थांबायचं नाही, यजमान शिक्षक सोबत हवा. हा अविश्वास समजू नका, तिथल्या प्रत्येक बाहेरच्या प्रौढासाठी हाच नियम आहे. आणि मोबाइल खिशात ठेवायचा. मुलांच्या फोटोला पालकांची संमती लागते. काही मुलं न्यायालयाच्या आदेशाने घरापासून दूर ठेवलेली असतात, त्यांचा फोटो बाहेर जाणं खरोखर धोक्याचं असतं. आपल्याकडे बारा मिनिटांत स्टेटसला लागतो! फोटो हवाच असेल तर वह्यांचा घ्या, फळ्याचा घ्या. आणखी एक, यजमान शिक्षकाला बोलतं करायचं असेल तर त्याच्या नियोजनाच्या तासाला गाठा. इंग्लंडमधल्या शिक्षकांना शिकवण्याच्या वेळेच्या किमान दहा टक्के वेळ तयारीसाठी राखून दिलेला असतो. त्यातला अर्धा तास मागून घ्यावा, तोही दोन दिवस आधी सांगून.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, संयोजक घड्याळ दाखवतायत. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी तीन महिन्यांपासून करता येतो. निमंत्रणपत्रात तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवं. ‘आमच्याकडे शिकवतील’ असं यजमानांनी लिहू नये, ‘निरीक्षण आणि चर्चा’ लिहावं. त्या व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. आपण सरकारी नोकर असाल आणि तिकीट किंवा राहणं परदेशी पैशातून होत असेल, तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. अर्ज निदान दोन आठवडे अगोदर करा. अनुदानित शाळांनीही शिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी विचारून ठेवावं.

याच कायद्याचा दुसरा फटका फार जणांना बसतो. तिकडची मुलं केक विकून पैसे जमवतात, आणि आपले मुख्याध्यापक स्वतःचा खातेक्रमांक देतात. देऊ नका! संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीपासून पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच यावे लागतात. आणि कायद्यापलीकडचं कारण असं की एकदा पैसे आले की जोडशाळेची दाता-शाळा होते आणि आपली मुलं गरिबीचा नमुना होतात.

म्हणजे नात्याचं राहिलंच. पाच मिनिटं द्या. एकच काम सांगतो, सावलीचं. २२-२३ सप्टेंबरला दोन्हीकडे शाळा चालू असते आणि सूर्य विषुववृत्तावर असतो. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची. पुण्यात माध्यान्हीची सावली ३३ सेंटिमीटरच्या आसपास पडते, इंग्लंडमधल्या लीड्समध्ये सुमारे १३७. काठी तीच, सूर्य तोच, मग असं का? सातवीच्या मुलांना त्रिकोणमिती लागत नाही. प्रमाणात आकृती काढून कोनमापक लावला की आपला अक्षांश हातात येतो. चुकतं कुठे? घड्याळाच्या बाराला मोजतात तिथे. त्या दिवशी पुण्यात सूर्य सर्वांत उंच येतो साडेबाराच्या सुमारास, लीड्समध्ये त्यांच्या उन्हाळी घड्याळाच्या जवळजवळ एकला. म्हणून पाऊण तास आधीपासून दर पाच मिनिटांनी खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली घ्यायची. टोक पुसट दिसतं, तिथे मागे पांढरा कागद धरा. ढग दोन्हीकडे, आपला परतीचा पाऊस, त्यांचं नेहमीचं आभाळ, म्हणून तीन दिवस हाताशी ठेवा.

आकडे एकमेकांना पाठवायचे. मग डिसेंबरमध्ये पुन्हा, मार्चमध्ये पुन्हा. तीन मापं झाली की मेमध्ये जा. तेव्हा तिथल्या वर्गात तुम्ही पाहुणे नसता, पुण्याच्या सावलीवाले सर असता. मुलंच विचारतात, डिसेंबरचा आकडा तुमचा चुकला होता ना? आणि बहुधा चुकलेला असतोच, काठी कलती असते.

भेटीहून निघायच्या आदल्या दिवशी पुढच्या संवादाची तारीख ठरवा, मुख्याध्यापकांच्या दालनात नाही, त्या वर्गाच्या फळ्यावर. दोन्ही घड्याळांतली वेळ लिहा. नोव्हेंबरची तारीख असेल तर साडेपाच तास धरा, साडेचार नव्हे. बदली होणाऱ्या शिक्षकाच्या जागी कोण, त्याचंही नाव तिथेच. चहा आलाय म्हणतात. प्रश्न चहाबरोबर घेऊ, आणि ज्यांना ओळंबा करायला दोरी-दगड हवाय त्यांच्यासाठी मी टेबलावर ठेवलाय.