रुळांच्या बाजूने धावणारी बस

नमस्कार श्रोतेहो.

एखाद्या शहरात मेट्रो सुरू झाली की वर्ष-दोन वर्षांत एक प्रश्न हमखास पुढे येतो. खाली बोगद्यातून किंवा वर खांबांवरून गाडी धावते आहे आणि त्याच रस्त्यावरून बसही धावते आहे. मग ही बस हवी कशाला? एकाच रस्त्यावर दोन-दोन सेवांचा खर्च का सोसायचा? नकाशा समोर पसरून हे विचारलं, तर उत्तर द्यायला कुणी धजत नाही. दोन रेघा एकमेकींना चिकटून चाललेल्या दिसतात, त्यातली एक पुसून टाकायची, झालं.

मला आज या बसची बाजू मांडायची आहे. सगळ्याच बसगाड्यांची नाही, हे आधीच सांगतो, कारण काही मार्ग खरोखरच बंद व्हावेत असे असतात. पण कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे त्या रेघांकडे बघून कळत नाही. रेघेवर ठिपके किती आहेत ते मोजावे लागतात.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घेऊ. तिथल्या मिशन स्ट्रीटखालून 1973 पासून बार्टची रेल्वे धावते. या रस्त्यावर सोळाव्या आणि चोविसाव्या रस्त्याच्या चौकात तिची लागोपाठची दोन स्थानकं आहेत, आणि त्यांच्यात जवळजवळ दीड किलोमीटरचं अंतर आहे. मधल्या सात चौकांत रेल्वे थांबत नाही. रस्त्यावर मात्र 14 क्रमांकाची बस दर एक-दोन चौकांनंतर थांबते. पुढे दक्षिणेकडे रेल्वे या रस्त्यापासून बाजूला वळते आणि बस मिशन स्ट्रीटवरूनच जात राहते. दूरवरून शहराच्या मध्यभागी कामाला जाणारा माणूस खालून जातो. बाजाराच्या पिशव्या घेऊन आठ चौक पलीकडे निघालेली बाई वरून जाते. दोघंही एकाच रस्त्याने गेली, पण एकमेकांचं वाहन वापरून दोघांचंही नुकसानच झालं असतं.

हे किती खरं आहे, याचा हिशोब करून पाहू. आकडे मी सोपे धरतो, म्हणजे ऐकता ऐकता मनात मांडता येतील. बसचा थांबा घरापासून दोन मिनिटांवर आहे आणि उतरल्यावरही दोन मिनिटं चालायचं आहे. बस दर दहा मिनिटांनी येते, म्हणजे सरासरी पाच मिनिटं वाट पाहायची. ही झाली नऊ मिनिटं. रहदारीतून बस ताशी 12 किलोमीटरने जाते असं धरलं, तर प्रत्येक किलोमीटरला पाच मिनिटं लागतात.

आता मेट्रो. स्थानक सहा मिनिटांवर आहे, आणि पलीकडेही सहा मिनिटं चाल आहे. जिने, तपासणी, तिकिटाचं दार आणि फलाट यांत दोन्ही टोकांना मिळून पाच मिनिटं जातात, आणि गाडीची वाट पाहण्यात तीन. बसल्या जागेवरून हलण्याआधीचा आणि उतरल्यानंतरचा हा सगळा वेळ वीस मिनिटं झाला. गाडी मात्र ताशी 30 किलोमीटरने जाते, म्हणजे किलोमीटरला फक्त दोन मिनिटं.

दोन किलोमीटर जायचं असेल तर बसने एकोणीस मिनिटं लागतात, मेट्रोने चोवीस. आठ किलोमीटर जायचं असेल तर बसने एकोणपन्नास, मेट्रोने छत्तीस. या हिशोबात साडेतीन-पावणेचार किलोमीटरपर्यंत बस पुढे राहते आणि त्यानंतर मेट्रो. आणि शहरातले अनेक प्रवास या अंतराच्या आतलेच असतात. दवाखाना, शाळा, बँक, मंडई, बहिणीचं घर. ज्यांचा प्रवास रोज पंधरा किलोमीटरचा असतो, तेच बहुधा वाहतुकीचे आराखडे काढतात, असा मला दाट संशय आहे.

शिवाय मी धरलेला चालणारा माणूस धडधाकट आहे. त्याच्या गुडघ्यात कळ नाही, कडेवर मूल नाही. खोल स्थानकात लिफ्ट बंद असेल, तर सत्तरीतल्या बाईंच्या दृष्टीने ती पाच मिनिटांची अडचण नसते, प्रवासच होत नाही. बसची पायरी एक, फार तर दोन. आता खालच्या तळाच्या बस आल्यापासून तीही उरलेली नाही.

मग बंद कोणती करायची? कॅनडातल्या व्हँकुव्हरने 2009 मध्ये याचं मला पटणारं उत्तर दिलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथे कॅनडा लाइन सुरू झाली. त्याआधी रिचमंड या उपनगरातून शहराच्या मध्यभागी 98 बी-लाइन नावाची जलद बस जायची. तिचे थांबे लांब लांब होते. म्हणजे ती चाकांवरची मेट्रोच होती, आणि खरी मेट्रो आल्यावर तिचं काम संपलं. पुढच्याच महिन्यात ती बंद झाली. पण कॅम्बी स्ट्रीटवर, ज्याच्याखालून ही मेट्रो जाते, 15 क्रमांकाची साधी बस चालूच राहिली. किंग एडवर्ड आणि ओकरिज या दोन स्थानकांमध्ये दीड किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. मधल्या लोकांना मेट्रो डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही, पायाखालून निघून जाते. त्यांना ती बस लागतेच. नकाशावर पाहिलं तर मेट्रोच्या जास्त जवळून जाणारी बस 15 क्रमांकाची होती; 98 क्रमांकाची तर बऱ्याच अंतरावर वेगळ्याच रस्त्याने, ग्रॅनव्हिल स्ट्रीटने जायची. तरी लांबची गेली आणि जवळची राहिली.

आता दुसरी बाजू. बस आणि चालक आभाळातून पडत नाहीत. मेट्रोच्या डोक्यावरून दहा गाड्या धावत असतील आणि तीन किलोमीटर आतल्या वस्तीत एकही जात नसेल, तर त्या दहातल्या काही तिकडे वळवाव्यात, यात वाद नाही. स्थानकापर्यंत माणसं आणून सोडणाऱ्या या फीडर बसचा विचार टोरांटोने फार पूर्वी केला. 1954 मध्ये यंग स्ट्रीटखालची मेट्रो सुरू झाली, तेव्हा त्या रस्त्यावरची ट्राम काढून टाकण्यात आली आणि आजूबाजूच्या भागांतून येणारे मार्ग स्थानकांना जोडले गेले. तिथल्या कितीतरी स्थानकांत बस थेट तिकीट-हद्दीच्या आत येऊन उभी राहते. उतरायचं, जिना उतरायचा, गाडीत बसायचं. पुन्हा तिकीट दाखवायचं नाही की पावसात रस्ता ओलांडायचा नाही. आणि एवढं करूनही यंग स्ट्रीटवर, मेट्रोच्या अगदी वरून, 97 क्रमांकाची बस ठेवलेलीच आहे.

फीडरचं गणित जमतं ते बदली सोपी असेल तेव्हाच. आणि बदली म्हटलं की तिकीट आलं. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने 1 जुलै 2004 रोजी आपली बससेवा एका दिवसात बदलली. त्याआधी खासगी बसमालक नफ्याच्या रस्त्यांवर गर्दी करायचे आणि बाकीचे भाग कोरडे राहायचे. नव्या रचनेत लांबच्या मुख्य मार्गांना निळ्या बस आणि मेट्रोला जोडणाऱ्या मार्गांना हिरव्या बस आल्या. पण खरी किमया रंगांची नव्हती. बस बदलली काय, मेट्रो धरली काय, भाडं एकूण अंतरावर लागू लागलं. जिथे बदलीला दुसरं तिकीट काढावं लागतं, तिथे सरळ जाणारी बस काढून फीडर देणं म्हणजे आडमार्गाने केलेली भाडेवाढच असते.

बस आणि रेल्वे यांचा मालक कोण, यावरही बरंच ठरतं. याचा सगळ्यात बोलका दाखला इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलच्या परिसरात आहे. तिथे 1980 मध्ये टाइन अँड वेअर मेट्रो सुरू झाली, आणि सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाने बस आणि मेट्रो यांची घडी एकत्रच बसवली. हेवर्थ, फोर लेन एंड्स, रीजंट सेंटर, गेट्सहेड इथे खास अदलाबदलीची स्थानकं बांधली. नदीच्या दक्षिणेकडून येणाऱ्या अनेक बस गेट्सहेडलाच थांबायच्या. तिथून प्रवाशाने मेट्रोत बसून नदी ओलांडायची, त्याच तिकिटावर. म्हणजे रुळांच्या बाजूने जाणारी बस मुद्दाम तोडली होती, पण बदल्यात काहीतरी दिलं होतं.

ही घडी सहा वर्षं टिकली. 1985 च्या कायद्याने लंडनबाहेरची बससेवा खुली केली आणि 26 ऑक्टोबर 1986 पासून कोणत्याही कंपनीला, नोंदणी करून, हव्या त्या मार्गावर बस चालवता येऊ लागली. कंपन्यांनी काय करावं? जिथे माणसं आहेत तिथेच त्या गेल्या, आणि माणसं मेट्रोच्या रस्त्यावर होती. बस पुन्हा गेट्सहेडहून थेट पूल ओलांडून न्यूकॅसलच्या मध्यभागी जाऊ लागल्या. मेट्रोचे प्रवासी घटले. बसमध्ये बसलेल्या माणसाला मात्र यात काहीच खटकलं नाही, कारण त्याची बदली वाचली. माझ्या मते या गोष्टीतून दोन्ही पक्षांना शिकता येईल. रेल्वे बांधणाऱ्यांना हे, की लोकांना बदली मनापासून नकोच असते, ती त्यांच्याकडून पदरमोड करून घ्यावी लागते. आणि स्पर्धेचं कौतुक करणाऱ्यांना हे, की स्पर्धा असली तरी बस रिकाम्या वस्तीत जात नाहीत.

याच वादाला कधी कधी वेगळंच टोक येतं. लॉस एंजेलिसमध्ये 1994 साली बसप्रवाशांच्या संघटनांनी वाहतूक प्राधिकरणाला कोर्टात खेचलं. प्राधिकरण बसचं भाडं वाढवत होतं, मासिक पास बंद करायला निघालं होतं, आणि त्याच वेळी रेल्वेवर पैसा ओतत होतं. बसमध्ये उभे राहणारे बहुतेक गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. प्रवाशांचं म्हणणं होतं की हा भेदभाव आहे. 1996 मध्ये तडजोड झाली आणि पुढची दहा वर्षं बसमधली गर्दी कमी करण्याची, नव्या बस घेण्याची आणि पास स्वस्त ठेवण्याची बांधिलकी प्राधिकरणावर आली. रेल्वेच्या बाजूची बस काढताना तिच्यात कोण बसलं आहे हे न पाहिल्यास, प्रश्न वाहतूक खात्याच्या टेबलावर राहत नाही, तो कोर्टात जातो.

रात्रीचं फार सांगायला नको. रात्री रुळांची देखभाल करावी लागते, म्हणून बहुतेक मेट्रो झोपतात. बर्लिनमध्ये कामाच्या दिवसांच्या रात्री मेट्रोच्या मार्गांच्या वरून बस जातात आणि त्यांचे क्रमांकही तेच असतात: यू-आठच्या जागी एन-आठ. टोरांटोत यंग स्ट्रीटवर रात्री 320 क्रमांकाची बस असते. रस्ते मोकळे असल्याने ती बऱ्यापैकी वेगानेही जाते. रेल्वे मधेच बंद पडली की दिवसाही हेच करावं लागतं, आणि त्या रस्त्याची सवय असलेला चालक त्या दिवशी सोन्याच्या मोलाचा ठरतो.

शेवटी सिंगापूर. तिथे नोव्हेंबर 2022 मध्ये थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्गाचा पुढचा टप्पा सुरू झाला. वर्षभराने वाहतूक प्राधिकरणाने जाहीर केलं की त्याला लागून जाणारी 167 क्रमांकाची बस डिसेंबरपासून बंद होईल. लोक खवळले. त्यांना बदल्या न करता सरळ जायचं होतं, आणि त्यांत वयस्कर माणसंही होती. थोड्याच दिवसांत निर्णय फिरवला गेला. बस राहिली, पण दर अर्ध्या तासाला एक.

हा तोडगा ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं असेल. मला मात्र आपला मघाचा हिशोब आठवतो. दर दहा मिनिटांनी येणारी बस पावणेचार किलोमीटरपर्यंत मेट्रोला हरवत होती. तीच बस वीस मिनिटांनी आली, तर सरासरी वाट दहा मिनिटं होते आणि तिची सरशी दोन किलोमीटरवर येऊन थांबते. तीस मिनिटांनी आली, तर एका किलोमीटरच्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे जिथे माणूस सरळ चालतच जाईल. मोबाइलवर बसची वेळ पाहून घरातून निघणाऱ्याला वाट कमी पाहावी लागते, हे खरं. पण हातात दोन पिशव्या घेऊन दुकानाबाहेर पडलेल्या माणसाला ती सोय नसते. तो पायी जातो, किंवा जातच नाही. पुढच्या मोजणीत त्या बसचे प्रवासी आणखी कमी भरतात, आणि बस बंद करण्याचा प्रस्ताव दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याच्यासोबत आकडे जोडलेले असतात. म्हणून असा प्रस्ताव कधी तुमच्या वाचनात आला, तर दिवसाचे एकूण प्रवासी किती, एवढ्यावर थांबू नका. कोणत्या थांब्यावर किती चढले, कोणत्या थांब्यावर किती उतरले, आणि मोजणी झाली तेव्हा बस किती मिनिटांनी येत होती, हे तीन रकाने मागून घ्या.

नमस्कार.