ट्रॅक्टर सुटला तरी ट्रॉलीचा लाल दिवा

(अंधार. जिनिंगबाहेर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याबाहेर, कापसाच्या ट्रॉल्यांची रांग.)

कापसाचा हंगाम. जळगाव-धुळ्याकडे जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॉली रात्र काढते. ट्रॅक्टर हूकमधून सोडून नेलेला, ट्रॉलीचं एक चाक अजून डांबरावर. ट्रॅक्टरबरोबर टेल लाइटचा करंटही गेला. म्हणून ट्रॉलीला स्वतःची बॅटरी द्यायची. मात्र ट्रॅक्टरच्या बॅटरीशी तिची गाठ कधीच पडू द्यायची नाही.

(बाकावर मांडलेलं सामान.)

12 व्होल्ट, 7 एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी. बॅटरीवरच्या फवारणी पंपात असते तशीच. पाच पायांचा 12 व्होल्टचा रिले (करंट मिळाला की आपोआप बाजू बदलणारा स्विच), 5 अँपिअरचा फ्यूज, एक स्विच आणि सात पिनांचा सॉकेट-प्लग.

प्लगच्या पिनांवर आकडे असतात. 1 डावा इंडिकेटर, 4 उजवा, 3 अर्थ (मायनसची परतीची तार), 6 ब्रेक, 7 डावा टेल, 5 उजवा. ट्रॅक्टरवर आधी कोणाचा तरी हात फिरलेला असतो, तेव्हा तारेच्या रंगावर जाऊ नका. टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक पिन तपासा. आपण टेलसाठी फक्त 7 वापरू, 5 मोकळी ठेवू.

(रिले जवळून.)

रिलेच्या 30 नंबरच्या पायावरून ट्रॉलीच्या दोन्ही टेल लाइट. 87 वर ट्रॅक्टरची 7 नंबरची तार, तीच 85 वरही. 86 अर्थला. 87ए वर ट्रॉलीची बॅटरी, फ्यूज आणि स्विचमधून. ट्रॅक्टरचे लाइट लागले की रिले टक्कन तिकडे जातो, बंद झाले की परत बॅटरीवर येतो. रिले टाळून दोन्ही तारा नुसत्या पिळल्या, तर ट्रॉलीची बॅटरी उलटी ट्रॅक्टरचे पार्किंग लाइट आणि डॅशबोर्ड पेटवत बसते आणि मध्यरात्रीच संपते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. पत्र्याच्या कडेला घासून तार शॉर्ट झाली, तर एवढीशी बॅटरीही तार लाल करते, आणि वर कापूस भरलेला आहे.

आता खरं दुखणं: अर्थ. बहुतेक ट्रॉल्यांत तो हूकच्या खिळीवर सोडलेला असतो. तिथे गंज, ग्रीस आणि काळ्या मातीचा थर. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटला, तर बल्ब बदलू नका. अर्थ तुटल्यामुळे करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतोय. 3 नंबरवरून वेगळी 2.5 चौरस एमएमची तार थेट मागच्या होल्डरपर्यंत न्या. चासीला जोडताना रंग खरवडा, तारेच्या टोकाला रिंग लग (धातूची कडी) दाबून बसवा, बोल्टवर ग्रीस लावा. तपासायला मल्टिमीटर होल्डरची बॉडी आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसवर धरून ब्रेक दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ कच्चा.

बाकीच्या तारा 1.5 एमएम. दोन 21 वॅटचे ब्रेक बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. अर्ध्या एमएमच्या तारेत, 8 मीटर जायला आणि 8 यायला, दोनएक व्होल्ट वाटेतच जातात आणि उजेड निम्मा होतो.

तार पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत. हूकपाशी वळणापुरती ढील ठेवा. टिपिंग ट्रॉलीत लाइट चासीवर घ्या, फाळक्यावर नकोत; फाळका उघडला की तार खेचली जाते. बाहेर लोंबणारा कापूस काच झाकतोय का, तेही पाहा.

5 वॅटचे दोन टेल बल्ब अर्ध्या बॅटरीवर चारएक तास चालतात. एलईडी रात्रभर. मात्र इंडिकेटरही एलईडी केले, तर जुना फ्लॅशर एकतर मिचकावत नाही किंवा भराभर मिचकावतो. एलईडीचा फ्लॅशर घ्या. बॅटरी घरी, फवारणी पंपाच्या चार्जरवर भरा.

(ट्रॅक्टर जोडला जातो.)

शेवटची तपासणी. प्लग जोडा, ट्रॅक्टरचे लाइट बंद ठेवा, ट्रॉलीचा स्विच चालू करा. ट्रॉलीचे टेल लागायला हवेत आणि ट्रॅक्टरचा एकही दिवा लागता कामा नये. ट्रॅक्टरचा दिवा लागला, तर रिले टाळून दोन्ही तारा कुठेतरी जुळल्यात. ट्रॉलीचे टेलच लागले नाहीत, तर 87 आणि 87ए उलटे बसले असतील.