शेवटचा घास कधी?

सुरुवात खुर्चीपासून करतो. नेहमीच्या नाट्यगृहात खुर्चीचं काम सोपं असतं. सगळ्यांची तोंडं एका दिशेला ठेवायची आणि अंधार झाला की शेजारी कोणी बसलंय याचा विसर पाडायचा. इमर्सिव्ह म्युझिकलमध्ये, म्हणजे प्रेक्षकांच्या मधोमध घडणाऱ्या संगीतकात, गाणारी माणसं तुमच्या मागून येतात, बाजूने जातात, कधी टेबलावरही चढतात. तिथे खुर्चीचं हे काम संपतं. शेजारचा दिसतो, समोरचाही दिसतो. आणि टेबल मांडलं की त्यावर काहीतरी ठेवावंसं वाटतंच, रिकामं टेबल फार केविलवाणं दिसतं. तिथून खाणं येतं आणि खाण्यामागून आम्हा नाटक बसवणाऱ्यांची डोकेदुखी.

'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ 1812' हे उदाहरण मी मुद्दाम घेतोय, कारण हेच संगीतक लहान खोलीतून मोठ्या नाट्यगृहापर्यंत गेलं. टॉल्स्टॉयच्या 'वॉर अँड पीस'मधल्या सत्तरेक पानांवर ते बेतलंय. संगीतकार डेव्ह मलॉय एकदा मॉस्कोतल्या एका कॅफेत बसला होता. खेटून मांडलेली टेबलं, माणसांच्या मध्येच वादक, पुढ्यात डंपलिंग (सारण भरलेले पिठाचे उकडलेले गोळे) आणि व्होडका. आपलं नाटक असंच व्हायला हवं, हे त्याच्या मनात तिथे पक्कं झालं. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या आर्स नोव्हा या छोट्या नाट्यगृहात शंभराच्या आतल्या प्रेक्षकांसमोर ते झालं. 2013 मध्ये त्याच्यासाठी 'काझिनो' नावाचा खास तंबू उभारला आणि प्रयोगासोबत चक्क रशियन थाटाचं जेवणही ठेवलं.

आता चौघांचं एक टेबल डोळ्यासमोर आणा. मधल्या जागेत गाणं सुरू झालं की दोघांना ते समोर दिसतं आणि दोघांच्या पाठीमागे असतं. पाठमोरे दोघं खुर्ची वळवतात, वळवायलाच हवी. पण वळल्याबरोबर त्यांची ताटली त्यांच्या मागे जाते. हातात काटा तसाच, त्याला टोचलेला तुकडा तसाच, आणि मान गाणाऱ्याकडे. तेवढ्यात तिसऱ्या बाजूने गायिका आली, की पुन्हा वळा. त्यामुळे खुर्ची हलकी हवी, पायांना खाली रबर हवं आणि वळणाऱ्याचे गुडघे वाटेत येणार नाहीत एवढी जागा हवी. नकाशावर वाट पुरेशी दिसते हो. माणसं बसली, पर्स ठेवल्या, कोट लटकवले की ती निम्मी होते. त्याच वाटेने वेटर ट्रे घेऊन येणार आणि नट धावत जाणार. तालमीत ट्रे नसतो, म्हणून मी आताशा तालमीलाच रिकामे ट्रे धरून माणसं फिरवतो.

हे शहाणपण उशिरा आलं. आमच्याच एका प्रयोगात टेबलांवर कुरकुरीत बिस्किटं ठेवली होती, स्वस्त आणि सांडत नाहीत म्हणून. पहिलं गाणं संथ, साथीला नुसता पियानो. चाळीस माणसं एका वेळी चावत होती. पियानो वाजवणाऱ्याने नंतर मला विचारलं, तालवाद्य कधी वाढवलंस?

2016 मध्ये 'ग्रेट कॉमेट' ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, इम्पिरियल थिएटरमध्ये गेलं. तिथे प्रेक्षकांची संख्या हजारावर. नेपथ्यकार मिमी लिएन यांनी रंगमंचावरच प्रेक्षक बसवले, खालच्या प्रेक्षागृहातून वळणदार वाटा काढल्या, वर बाल्कनीपर्यंत नट पोचतील अशी सोय केली. या कामाला त्यांना 2017 चं टोनी हे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक मिळालं. पण एवढ्या माणसांना जेवण वाढणार कसं? मग जेवणाचं झालं पिरोगी, म्हणजे तसलंच सारण भरलेलं डंपलिंग. प्रयोगाआधी नटच छोटी खोकी घेऊन रांगांमधून फिरायचे आणि हातात द्यायचे. (पिरोगी हा शब्द तसा पोलिश आणि गोष्ट मॉस्कोची, पण सोडून देऊ.)

मला हे खोकं जेवणापेक्षा जास्त हुशार वाटतं. चमचा नाही, ताटली नाही, दोन घासांत संपतं, खोकं खुर्चीखाली जातं. शिवाय ज्याने तुमच्या हातात खायला दिलं, तो तासाभराने तुमच्या शेजारी येऊन टेकला तरी तुम्ही अंग चोरत नाही. पुढे प्रेक्षकांना अंड्याच्या आकाराचे खुळखुळे वाजवायला द्यायचे, त्यासाठीही हात मोकळा लागतोच.

'स्वीनी टॉड' या संगीतकाचंही सांगतो. 2014 मध्ये लंडनच्या टूटिंगमध्ये ते खऱ्याखुऱ्या पाय-मॅशच्या दुकानात केलं आणि 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या बॅरो स्ट्रीट थिएटरमध्ये त्या दुकानाची हुबेहूब मांडणी केली. हा 'पाय' म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, मॅश म्हणजे कुस्करलेले बटाटे. मराठीत हा शब्द लिहिला की वाचणारा दचकतो, आणि या नाटकात दचकायला कारणही आहे, कारण तिथल्या पायमध्ये माणसाचं मांस भरायचं ठरतं. ते ठरतं पहिल्या अंकाच्या शेवटी. प्रेक्षकांना पाय-मॅश मात्र प्रयोग सुरू होण्याआधीच वाढायचे! म्हणजे आधी निवांत खा, पोटात जाऊ द्या, मग कळू दे. मध्यंतरात वाढलं असतं तर नुसता विनोद झाला असता.

याउलट 2019 च्या 'ओक्लाहोमा!' या संगीतकाच्या प्रयोगात मध्यंतरात चिली (घट्ट तिखट रस्सा) आणि कॉर्नब्रेड (मक्याचा पाव) मिळायचं. ती गावची मंडळी एकत्र जमल्याची गोष्ट, त्यामुळे तिथे मध्यंतरच योग्य. काय वाढायचं, यावर निर्माते आठवडाभर चर्चा करतात. कधी संपवायचं, हे कोणी विचारत नाही.

'ग्रेट कॉमेट' जवळजवळ संपूर्ण गाण्यात आहे. अगदी शेवटाजवळ गोष्टीतला पिएर उद्ध्वस्त झालेल्या नायिकेसमोर, नताशासमोर, उभा राहतो, संगीत थांबतं आणि तो एक वाक्य नुसतं बोलतो. अख्ख्या प्रयोगातलं तेवढंच गद्य. दोन-अडीच तास सुरांत बसलेल्या कानांना तो साधा आवाज फार जवळून येतो. त्या क्षणी एक चमचा बशीत पडला तर? माझं उत्तर तयार आहे. बशी तोवर उचललेली असायला हवी. टेबलावर ग्लास राहू दे, पण जाड बुडाचा, आणि त्यात बर्फ नको.