चित्र कुणी काढलं? ब्रिटिश कॉमिक्समधल्या नावांची गोष्ट

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

ब्रिटिश कॉमिक्सबद्दल बोलायचं तर अलीकडच्या चांगल्या बातम्यांची कमतरता नाही. फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान २०२४ साली ब्रिटिश चित्रकर्ती पोझी सिमंड्स यांना मिळाला. १९३८ मध्ये निघालेल्या 'बीनो' या मुलांच्या कॉमिक्स साप्ताहिकाने २०१९ मध्ये चार हजारावा अंक काढला आणि ते आजही चालू आहे. कॉमिक्ससाठी 'लॉरिएट', म्हणजे मानाचा प्रतिनिधी, नेमण्याची प्रथा पडली, पहिला मान चित्रकार डेव्ह गिबन्स यांना मिळाला. या बातम्यांत एक साम्य आहे. आता माणसांची नावं घेतली जातात. ब्रिटनमध्ये अनेक दशकं ती घेतलीच जात नव्हती, आणि मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात स्कॉटलंडमधल्या डंडी गावापासून करू. 'डी. सी. थॉमसन' ही तिथली प्रकाशन कंपनी. डिसेंबर १९३७ मध्ये त्यांनी 'डँडी' काढलं आणि पुढच्याच जुलैमध्ये 'बीनो'. १९५० च्या सुमारास 'बीनो'चा खप आठवड्याला वीस लाखांच्या घरात होता. इतक्या मुलांच्या हातात जाणाऱ्या त्या पानांवर चित्रकाराचं नाव नसे आणि लेखकाचंही नसे. मुलांना वाटायचं, डेनिस नावाचा उनाड पोरगा खरोखर कुठेतरी राहतो आणि 'बीनो' त्याची हकीगत छापतं. कंपनीलाही तेच सोयीचं होतं. चित्रकार गेला तर दुसरा बसवता येतो, पात्र मात्र कंपनीचंच राहतं.

सही करायची मुभा मिळालेले फार थोडे. त्यांपैकी डडली वॉटकिन्स हे सर्वांत मोठं नाव. डेस्परेट डॅन आणि लॉर्ड स्नूटी ही पात्रं, 'संडे पोस्ट' या वर्तमानपत्रातली ब्रून कुटुंबाची चित्रं, सगळं त्यांच्या हातचं. १९६९ मध्ये कामाच्या टेबलापाशीच त्यांचं निधन झालं. त्यानंतर कित्येक वर्षं 'डँडी' त्यांचीच जुनी डेस्परेट डॅनची पानं पुन्हा छापत राहिलं. एकाची जागा दुसरा घेऊ शकतो, असं मानणाऱ्या कंपनीलाही त्यांच्या जागी सहज कुणी मिळेना.

आता लिओ बॅक्सेंडेल. लँकेशायरचा तरुण. 'बीनो'तला डेनिस पाहून त्याने कंपनीकडे काम मागितलं आणि १९५३-५४ च्या काही महिन्यांत लिटल प्लम, मिनी द मिंक्स आणि पुढे 'बॅश स्ट्रीट किड्स' म्हणून गाजलेली शाळकरी टोळी उभी केली. ही टोळी सुरुवातीला 'व्हेन द बेल रिंग्ज' या नावाने यायची. ती पानं जरूर मिळवून बघा. एक भलीमोठी चौकट. शाळा सुटलेली आहे आणि पोरांचा लोंढा बाहेर पडतोय. या गर्दीत एकही पोर नुसतं जागा भरायला काढलेलं नाही. प्रत्येकाचा काहीतरी स्वतंत्र उद्योग चालू आहे. कुणी कुणाला पाडतंय, कुणी पळतंय, कोपऱ्यात तिसरंच काहीतरी शिजतंय. दहा मिनिटं पाहिलं तरी नवीन सापडत राहतं. हे दर आठवड्याला करायचं, शिवाय बाकीची पानं वेगळी. १९६२ मध्ये, कामाने पार पिळून निघाल्यावर, बॅक्सेंडेल तिथून बाहेर पडले. पात्रं मागे राहिली. दुसऱ्या चित्रकारांनी ती पुढे चालवली आणि ती आजही चालू आहेत.

१९८० मध्ये त्यांनी हक्कांसाठी कंपनीवर दावा लावला. एक माणूस एका बाजूला आणि इतकी जुनी कंपनी दुसऱ्या बाजूला, असं सात वर्षं चाललं. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. २०१७ मध्ये ते वारले तेव्हा ब्रिटनच्या मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लेख लिहिले. ते वाचून मला समाधान वाटलं आणि रागही आला. लहानपणी ज्यांनी त्यांची चित्रं पाहिली, त्यातल्या अनेकांना हे नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं असणार.

लंडनमध्ये 'फ्लीटवे' आणि पुढे 'आयपीसी' या मोठ्या प्रकाशनसंस्था होत्या. तिथेही हाच कारभार. मानधन एकरकमी, हक्क संस्थेचे, आणि चित्रकाराने कोपऱ्यात सही केलीच तर ती पांढऱ्या रंगाने पुसायची. यातले बरेच चित्रकार स्पेन, इटली, अर्जेंटिनातून काम पाठवत. त्यांची नावं तर छापखान्यापर्यंतही पोचत नसत.

बदल झाला तो '२००० एडी'मुळे. पॅट मिल्स यांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये हे विज्ञानकथांचं साप्ताहिक उभं केलं. त्याआधीच्या वर्षी त्यांच्याच 'ॲक्शन' या साप्ताहिकावर हिंसाचारावरून एवढं काहूर उठलं होतं की ऑक्टोबरातला छापून झालेला अंक लगद्यात घालावा लागला. त्यामुळे वरिष्ठांची नजर करडी होती. अशा वेळी संपादकीय विभागात केव्हिन ओ'नील नावाचा तरुण चित्रकार काम करत होता. त्याने कथेच्या पानावर एक छोटी चौकट टाकायला सुरुवात केली. तिला नाव दिलं 'क्रेडिट कार्ड'. साप्ताहिकाचा संपादक थार्ग हा परग्रहावरचा प्राणी आणि त्याच्या हाताखाली राबणारे सगळे रोबो, अशी अंकाची कल्पना होतीच. म्हणून चौकटीत ओळी यायच्या: 'स्क्रिप्ट रोबो' अमुक, 'आर्ट रोबो' तमुक, 'लेटरिंग रोबो' टॉम फ्रेम. फुग्यांमधली अक्षरं हाताने लिहिणाऱ्या माणसाचंसुद्धा नाव! माझ्या मते ब्रिटिश कॉमिक्सच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची चौकट आहे. पूर्ण प्रामाणिक होती असं नाही. जॉन वॅग्नर आणि ॲलन ग्रँट टोपणनावांनी इतकं लिहीत की वाचकाला लेखक खूप आहेत असं वाटावं. पण वाचक चित्रकाराच्या नावाने अंकाची वाट पाहू लागले. ब्रायन बोलंड या आठवड्यात आहे का, मॅकमॅहन आहे का, हे विचारू लागले.

'२००० एडी'तला गाजलेला नायक जज ड्रेड, त्याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. लेखन वॅग्नर यांचं, आणि ते रूप, तो हेल्मेट घातलेला, खांद्यावर गरुड असलेला पोलीस, कार्लोस एझ्केरा या स्पॅनिश चित्रकाराने घडवला. पण दुसऱ्या अंकात ड्रेड पहिल्यांदा छापून आला तेव्हा ती कथा माइक मॅकमॅहन यांनी काढलेली होती. एझ्केरा दुखावले आणि 'बॅटल' या युद्धकथांच्या साप्ताहिकाकडे परतले. १९८२ मध्ये ते 'द अपॉकलिप्स वॉर' ही दीर्घ कथा घेऊन ड्रेडकडे परत आले आणि सगळी स्वतः रेखाटली. आज ड्रेडचे निर्माते म्हणून वॅग्नर आणि एझ्केरा ही दोन नावं एकत्र छापली जातात.

पण नाव छापणं वेगळं आणि हक्क देणं वेगळं. हे लेखक ॲलन मूर यांच्या बाबतीत स्पष्ट दिसलं. इयन गिब्सन यांच्या चित्रांसह त्यांनी '२००० एडी'त 'हॅलो जोन्स' ही एका सामान्य मुलीची अफाट कथा सुरू केली. हक्क मागितले, ते मिळाले नाहीत, आणि कथा तिसऱ्या भागावर थांबली. बेत नऊ भागांचा होता. एव्हाना बोलंड, गिबन्स, मूर यांना अमेरिकेने बोलावून घेतलं होतं. तिथे मोबदला चांगला होता, पुस्तकांवर मानधनाचा वाटा होता. ब्रिटनने ही माणसं घडवली आणि कंजूषपणाने गमावली.

कायदा मदतीला का आला नाही, असं तुम्ही विचाराल. १९८८ चा ब्रिटिश कॉपीराइट कायदा निर्मात्याला नाव लावून घेण्याचा हक्क देतो, पण तो आपणहून जाहीर करावा लागतो. शिवाय त्यात अपवाद आहे: वर्तमानपत्र, मासिक किंवा तत्सम नियतकालिकासाठी केलेल्या कामाला हा हक्क लागू नाही. म्हणजे साप्ताहिक कॉमिक्स नेमकं बाहेर. पुस्तकाच्या चित्रकाराला जे कायदा देतो, ते 'बीनो'च्या चित्रकाराला फक्त संपादकाच्या मर्जीवर मिळतं.

आता अलीकडची मोठी घडामोड. ऑक्सफर्डच्या 'रिबेलियन' या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने २००० साली '२००० एडी' विकत घेतलं. मग २०१६ आणि २०१८ मध्ये फ्लीटवे-आयपीसीचा बहुतेक जुना साठा घेतला. पेट्यांत पडलेली हजारो पानं आता पुस्तकरूपाने येत आहेत. ही पुस्तकं काढताना आधी प्रश्न पडतो तो हाच: हे काढलं कुणी? जाणकार लोक शाईच्या रेषेवरून, हाताच्या बोटांवरून, कपड्याच्या चुण्यांवरून चित्रकार ओळखतात. हे काम फार मोलाचं आहे.

त्यात एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. 'द स्टील क्लॉ' ही १९६२ मध्ये 'व्हॅलियंट' या साप्ताहिकात सुरू झालेली कथा. नायकाचा एक हात पोलादी. विजेचा धक्का बसला की तो अदृश्य होतो, दिसत राहतो फक्त तो पोलादी पंजा. शिवकाशीच्या 'मुथु कॉमिक्स'ने ही कथा तमिळमध्ये आणली आणि 'इरुंबुक्कै मायावी' या नावाने तिने तमिळ मुलांना वेड लावलं. शिवकाशीतल्या वाचकाला पंजा माहीत होता. तो काढणारे स्पेनचे हेसूस ब्लास्को आणि लिहिणारे केन बल्मर लंडनच्या वाचकालाही माहीत नव्हते. रिबेलियनच्या आवृत्तीवर आता दोघांची नावं आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी स्टेशनवरच्या स्टॉलवरून किंवा रद्दीच्या दुकानातून 'कमांडो' या युद्धकथांच्या मालिकेची खिशात मावणारी पुस्तकं घेतली असतील, त्यांनी जुना अंक काढून बघावा. १९६१ पासून चाललेल्या या मालिकेतही नावं छापणं बऱ्याच उशिरा आलं.

नवी पिढी हा प्रश्न सोडायला तयार नाही. सारा मॅकिन्टायर या चित्रकर्तीने 'पिक्चर्स मीन बिझनेस' ही मोहीम चालवली. पुरस्कारांच्या याद्यांत, परीक्षणांत, पुस्तकविक्रीच्या माहितीसाठ्यात चित्रकाराचं नाव असलंच पाहिजे, ही तिची मागणी. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'द फिनिक्स' या मुलांच्या साप्ताहिकात तर मुलं जेमी स्मार्ट या चित्रकाराला नावाने ओळखतात.

आणि याचा संबंध थेट पैशाशी आहे. ब्रिटनमध्ये वाचनालयातून पुस्तक नेलं गेलं की सरकारी योजनेतून लेखकाला आणि चित्रकारालाही काही पेन्स मिळतात. त्यासाठी साधारणपणे पुस्तकाच्या शीर्षकपानावर नाव लागतं. साप्ताहिक अंकाला ही योजनाच नाही. म्हणून जुनी पानं पुस्तकात येणं आणि शीर्षकपानावर नाव लागणं, याची हयात असलेल्या चित्रकारांना इतकी आस आहे. चाळीस वर्षांपूर्वी एकरकमी विकलेल्या चित्रातून त्यांना आता दर वर्षी थोडे का होईना पैसे मिळू शकतात, पण त्या पानावर त्यांचं नाव असेल तरच.