बाळ गार पडतंय, हे कसं ओळखायचं?

नमस्कार. बाळ घरी आलं की सगळ्यांचे कान त्याच्या रडण्याकडे असतात. आज मी न रडणाऱ्या बाळाबद्दल बोलणार आहे. बाळ गप्प पडून असतं, दूध नीट ओढत नाही आणि घरचे कौतुकाने म्हणतात, "किती गुणी आहे, त्रासच देत नाही!" अशा बाळाच्या तळपायाला आधी हात लावून बघा.

आपले हात धुवा, पुसा, एकमेकांवर चोळून ऊबदार करा. मग हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा आणि नंतर तळपायाला. दोन्ही ऊबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट ऊबदार पण पाय गार, म्हणजे बाळ गारठू लागलंय. पोट आणि पाय दोन्ही गार लागले तर मात्र थांबू नका, ती धोक्याची खूण आहे. घरात डिजिटल थर्मामीटर असेल तर त्याचं टोक काखेत मधोमध ठेवा, बाळाचा हात अंगाशी धरा आणि बीप वाजेपर्यंत हलवू नका. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे योग्य तापमान.

आता हे का होतं? थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्यातून अंगात उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या पाठीत, खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती एक खास तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब तयार करतं. त्यात रक्तातली साखर आणि ऑक्सिजन दोन्ही खर्च होतात. साखर उतरली की बाळ मलूल होतं, चोखायची ताकद जाते. दूध कमी गेलं की साखर आणखी उतरते आणि बाळ आणखी गार पडतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे ही चरबी मुळातच थोडी असते, म्हणून त्याला या फेऱ्यात सापडायला वेळ लागत नाही.

आणि हे फक्त डिसेंबरात होतं असं समजू नका. मे महिन्यातही होतं. डोक्यावर पंखा, समोर कूलर आणि खाली ओला लंगोट, एवढं पुरतं. बाळंतिणीच्या खोलीत २५ अंशांच्या आसपास ऊब हवी आणि वाऱ्याचा झोत बाळावर नको. जन्मल्याबरोबर बाळ पुसून कोरडं करतात तेही याचसाठी. ओल्या बाळाचं तापमान पहिल्या दहा-वीस मिनिटांत २ ते ४ अंशांनी उतरू शकतं. अंगावरचा तो पांढरा, सायीसारखा थर घासून काढू नका. पहिली आंघोळ निदान २४ तास पुढे ढकला. बाळ लहान असेल तर वजन वाढू लागेपर्यंत नुसतं पुसून घ्या, तेही एकेक भाग उघडा करून. आजीला वाईट वाटलं तर समजावून सांगा, पण आंघोळीची घाई नको.

गार पडलेल्या बाळाला ऊब कशी द्यायची? बाजेखाली शेगडी नको. बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो आणि तो आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. गरम पाण्याची पिशवीही नको, कोवळी कातडी भाजते. सगळ्यात चांगली ऊब आईच्या छातीची. यालाच कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियात बोगोटा शहरातल्या रुग्णालयात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते.

(बाहुली घेऊन दाखवायचं)

बाळाच्या अंगात फक्त टोपडं, मोजे आणि कोरडा लंगोट. आईचं ब्लाउज किंवा गाउन पुढून उघडा. बाळ दोन स्तनांच्या मधे उभं, छातीला छाती. डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीवर पडली तर श्वास अडतो, ही चूक सर्रास होते. पाय बेडकासारखे दुमडलेले. मग सुती साडीने किंवा ओढणीने दोघांना बांधा. कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली आली पाहिजे, आणि छातीवर इतकंच घट्ट की श्वास घेता यावा. आईने पाठीला उशा लावून रेलून बसावं. एका वेळी निदान एक तास. दर वीस मिनिटांनी काढघाल केली तर बाळ उलट दमतं. कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे ८ तास तरी द्या, त्याहून जास्त जमले तर उत्तमच. आई थकली की बाबांनी घ्यावं, आजीनेही घ्यावं.

याच वेळी दूध पाजा. पहिल्या दिवसांतला पिवळसर चीक टाकू नका, २४ तासांत ८ ते १२ वेळा अंगावर घ्या. बाळ ओढत नसेल पण गिळत असेल तर चीक हाताने पिळून, उकळून स्वच्छ केलेल्या बोंडल्याने गालाच्या आतून थोडा-थोडा द्या. मध, गुटी, साखरेचं पाणी काहीही नको.

अतिरेकही होतो. चार दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ तापतं. तापमान ३७.५ च्या वर गेलं तर एक थर काढा, दूध पाजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

तासभर छातीशी धरूनही पोट-पाय गारच असतील, किंवा ताप उतरला नसेल, तर दवाखाना. पुढची लक्षणं दिसली तर तासभरही थांबू नका: तापमान ३५.५ च्या खाली, दूध सोडणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वासासोबत छातीखाली खळगा, झटके, पहिल्या २४ तासांत कावीळ, किंवा नंतर कधीही तळहात-तळपाय पिवळे होणं. श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून.

१०८ ला फोन करा आणि आशाताईंनाही कळवा. गाडीत बाळ वेगळं गुंडाळून कुणाच्या मांडीवर देऊ नका, ते आईच्या छातीशी बांधूनच न्या. शेवटचं तापमान आणि शेवटचं दूध किती वाजता, हे कागदावर लिहून घ्या. एसएनसीयूच्या, म्हणजे रुग्णालयातल्या आजारी नवजात बाळांच्या खास कक्षाच्या, दारात पहिले प्रश्न हेच विचारतात.