सीतामाईच्या नावाने

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालत, मुठीमुठीने जात्यात वैरण पडे आणि दगडाच्या घरघरीवर ओवी सुरू होई. एकीने ओवी म्हणावी, दुसरीने ती उचलून तिच्यात आपली भर घालावी, अशी रीत होती. ज्या घरात सासुरवासाविषयी चकार शब्द काढण्याची सोय नव्हती, त्याच घरातली सून सीतेचा वनवास मोकळ्या गळ्याने गात असे. गरोदर सीतेला रामाने वनात धाडले, हे गाताना ती कोणाची व्यथा सांगते आहे हे समोरचीला नेमके कळे. सासूला मात्र हरकत घेता येत नसे, कारण गाणे सीतामाईचे होते. मनावरचा भार उतरवण्याची ही आडवाट मला फार शहाणपणाची वाटते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. त्यांत विठ्ठल आहे, माहेर आहे, भाऊराया आहे, आणि पोटच्या लेकीची काळजीही आहे.

पुढे पिठाची गिरणी आली. जाते गेले याचे दुःख मी करणार नाही. ते ओढून ज्यांचे खांदे भरून येत, त्यांनाच गिरणीचे मोल विचारावे. मात्र कष्ट सरले तसे समोर बसून ऐकणारी सोबतीणही गेली. आज घरी आलेल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, "काही त्रास आहे का?" असे विचारले, तर आजी "काही नाही बाई" एवढेच म्हणतात, त्याच आजींना बचत गटाच्या बैठकीत जात्यावरचे काही आठवते का असे विचारून पाहावे. अर्थात ओवी हे औषध नव्हे. कित्येक दिवस झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे किंवा शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर बोलावे.

आणखी एक. ओवी ऐकताना मोबाइल बाजूला ठेवावा. आपले चित्रण होते आहे असे दिसले, की बाई स्वतःची ओवी गिळते आणि देवाची म्हणू लागते.